दोन खांडी, एक पळी

जगन म्हात्र्याला नाही म्हणता येत नसे. बायको वनिता म्हणायची, लग्नाला होकार दिला तोसुद्धा त्याच कारणाने. जगन आचारी होता. लग्नं, साखरपुडे, बारशी सगळं करायचा, पण त्याचा खरा हंगाम निवडणुकीचा. खारवेलीत दोन पॅनेलं होती, एक सुभाषशेठचं आणि एक दत्तात्रेय पाटलाचं. दोघांच्या जेवणावळींचं मटण जगनच्याच टोपात शिजायचं. सुभाषशेठ विचारायचा, "जगनभाऊ, मत आपल्यालाच ना?" जगन म्हणायचा, "व्हय." संध्याकाळी दत्तात्रेय विचारायचा, त्यालाही व्हय. यातलं एक व्हय खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, पण मटण फर्मास व्हायचं म्हणून कुणी मनावर घेत नसे.

निवडणूक उरकली की दोन्हीकडचे फ्लेक्स जगन गुंडाळून घरी आणायचा. जाड, चिवट, पाणी न पिणारं ते कापड आचाऱ्याच्या फार कामाचं. त्याच्यावर कांदा चिरता येतो, भात पसरता येतो, पाऊस आला की चुलीवर धरता येतं. वनिताच्या न्हाणीला सुभाषशेठचा आडोसा होता. कोंबड्यांच्या खुराड्यावर दत्तात्रेय पाटील हात जोडून आडवा पडलेला असे, आणि कोंबड्या त्याच्यावर त्यांना जे करायचं ते करत.

अशा सुखी माणसाला दुःख एकच होतं, ते म्हणजे खांड.

खारवेली पेणच्या खाडीला टेकून. शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खोलात आणि मध्ये मातीचा बांध. बांध फुटून भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात, आणि खांडीतून खारं पाणी आत आलं की भाताचं नाव काढायचं नाही. खारवेलीच्या बांधाला दोन खांडी पडल्या होत्या. एक उघाडीजवळ, म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायच्या दाराशी. तिच्या तोंडावर सुभाषशेठच्या माणसांची शेतं, आणि त्यांतच जगनचं. दुसरी वाडीकडची. तिथे दत्तात्रेयच्या भावकीची शेतं आणि त्यांच्या कडेला कातकऱ्यांची वाडी. सुभाषशेठ माती ओढायचं मशीन आणायचा तेव्हा दत्तात्रेयची माणसं रस्त्यात आडवी पडायची. दत्तात्रेय आणायचा तेव्हा सुभाषची. मशीनवाला चहा पिऊन परत जायचा. असे दोन पावसाळे गेले आणि जगनच्या शेतात भाताच्या जागी चिखलातले निवटे मासे उड्या मारू लागले.

"यंदा खांड नाय बुजली तर शेत इकून टाकायचं," वनिता म्हणाली. दलाल दारावरून येऊन गेला होता आणि तिने त्याला पाणी दिलं होतं, ही जगनला धोक्याची खूण वाटली. "मामांजींनी खारातून काढलेलं शेत हाय, मना नाय का वाईट वाटत? पन निवटं पोसायला मी काय इथं बसलेली नाय. तुमी त्या दोघांना बोला."

"बोलतो की."

"काय बोलनार?"

जगनने बराच विचार केला. दोघांपुढे उभं राहिल्यावर आपल्या तोंडून काय निघेल हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"काय ते बोलीन," तो म्हणाला आणि टोप घासायला बसला.

वैशाखात तालुक्याच्या साहेबांनी हात टेकले. त्यांनी सांगितलं, मशीन एकदाच मिळेल, तेही भांगाच्या दिवसांपुरतं, म्हणजे भरती मंदावलेली असते तेव्हा. तेवढ्यात एकच खांड बुजेल. कुठली, ते गावाने ठरवावं, पण पॅनेलवाल्यांनी नाही. त्यासाठी रामवाडीच्या एका संस्थेची शीतल नावाची मुलगी स्कूटी घेऊन आली आणि देवळापुढे उभी राहून बोलली.

"मतदारयादीतल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या करायच्या. अकरा काढायच्या. ज्यांची नावं येतील त्यांनी बसायचं, दोन्ही बाजू ऐकायच्या, जागा बघायची, आपसांत बोलायचं आणि ठरवायचं. पंचायतीचे मेंबर आणि त्यांच्या घरचे सोडून."

"आनि आमी काय करायचं?" सुभाषशेठने विचारलं.

"तुम्ही तुमचं म्हणणं सांगायचं आणि बाहेर जायचं."

सुभाषशेठला बाहेर जायची सवय नव्हती. पण गावात आपलीच माणसं जास्त, तेव्हा अकरांतही आपलीच जास्त येणार, असा हिशेब त्याने केला. दत्तात्रेयनेही तोच केला. जो निकाल लागेल तो मान्य, म्हणून दोघांनी सह्या ठोकल्या.

एवढ्या चिठ्ठ्या मावतील असं भांडं गावात एकच होतं, जगनचा टोप. त्यात हात घालायला इंदुबाईला बसवलं, कारण तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि काळ्या चष्म्यातून तिला वाचता येत नव्हतं. म्हातारी चिठ्ठी काढायची, कपाळाला लावायची आणि शीतलच्या हातात द्यायची. वाडीवरची चिमा आली, मंगळ्या आला, दुकानवाला आला, बारावी नापास झालेली दिपिका आली. जगन मागे चहा ढवळत होता. "जगन म्हात्रे," असं ऐकल्यावर तो सवयीने म्हणाला, "व्हय, किती कप?"

त्याच संध्याकाळी सुभाषशेठ जगनच्या ओट्यावर येऊन बसला. "जगनभाऊ, रविवारी अकरा जनांना जेवन घालायचंय. बोकड मी देतो. तिखट जरा सनसनीत कर."

"व्हय."

तो वळला तोच दत्तात्रेय आला. रविवार, अकरा जण, बोकड. जगन त्यालाही व्हय म्हणाला. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं की त्या अकरांतला एक आपण आहोत. म्हणजे स्वतःला फोडण्याचं मटण स्वतःच रांधायचं, आणि तेही दोनदा. हे त्याने वनिताला सांगितलं तेव्हा ती उशीत तोंड खुपसून इतकी हसली की बांगड्या वाजल्या. मग उठून बसली आणि म्हणाली, "हसू येतं पन मना राग पन आलाय. तुमच्या जागी मी असते तर येकाला तरी हाकलला असता."

रविवारी अंगणात दोन चुली पेटल्या. जगन एका टोपातून दुसऱ्या टोपाकडे पळत होता, घामाने बनियन पाठीला चिकटलेलं, डोळे धुराने लाल. अकरा जण दुपारी सुभाषशेठकडे जेवले आणि संध्याकाळी दत्तात्रेयकडे. चिमाने दोन्हीकडून उरलेल्या रश्शाचे डबे भरून नेले. दोन्ही पुढारी अत्यंत समाधानाने झोपले.

सोमवारी सकाळी शाळेच्या खोलीत बैठक बसली. सुट्टीचे दिवस, बाकं दुसरीच्या पोरांची. जगनचं पोट बाक आणि फळीच्या मध्ये असं अडकलं की उठायचं म्हटलं तर बाकासकट उठावं लागलं असतं. शीतलने पिवळा मऊ चेंडू आणला होता. तो ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असा तिचा नियम. पहिल्या चहाला तो चेंडू कुत्र्याने पळवला. मग दिपिकाने जगनची हातभर लांबीची लोखंडी पळी पुढे केली. ती पळवणारं कुत्रं गावात नव्हतं.

सकाळी सुभाषशेठ आणि दत्तात्रेय येऊन आपापली बाजू मांडून गेले होते. दोघांनी एकमेकांच्या बापाचा उल्लेख केला, खांडीचा कमी केला. पळी प्रथम मंगळ्याकडे गेली. मंगळ्या वीटभट्टीवर आणि लोकांच्या शेतावर जाणारा, बोलायला मोकळा.

"मी खरं सांगू का बाय?" तो शीतलला म्हणाला. "काल आमी दोनी घरचं मटान खाल्लं."

शीतलने डोक्याला हात लावला. "सगळ्यांनी?"

सगळ्यांनी बाकांकडे बघितलं.

"म्हंजे कुनाचा उपकार फेडायचा ते कलंना," मंगळ्या म्हणाला. "जास्ती चांगलं मटान ज्याचं, त्याची खांड बुजवू म्हनलं तर दोनीकरचं येकसारखंच व्हतं."

खोली हसली. जगन हसला नाही. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आयुष्यात त्याला कुणी काही म्हणालं तर तो मान डोलावत आला होता, पण हे त्याला सहन होईना. तो बाकासकट उठला.

"पली दे."

"काय झालं काका?" शीतलने विचारलं.

"पली दे आदी." पळी हातात आल्यावर त्याचा आवाज चढला. "येकसारखं? सुभाषशेटच्या टोपात सुकं खोबरं भाजून घातलं व्हतं, तीळ व्हतं. दत्ताभाऊच्यात ओला नारल आनि कोथमिरीचं वाटन. येकसारखं म्हनतो! तुमची जीभ काय खांडीत वाहून गेली का रं?"

"नाय म्हनजे चांगलंच व्हतं..." मंगळ्या म्हणाला.

"पली माज्याकरं हाय!"

मंगळ्या गप्प बसला. सगळेच गप्प बसले. खोलीत इतकी शांतता पडली की जगन घाबरला. आतापर्यंत तो बोलायला लागला की कुणीतरी मध्येच बोलायचं आणि त्याची सुटका व्हायची. इथे बाकीची दहा माणसं आणि शीतल त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि कुणीही त्याला सोडवत नव्हतं. मटणाबद्दलचं बोलून संपलं होतं. पळी अजून हातात होती.

"माजं शेत," तो म्हणाला आणि थांबला. "उघारीच्या तोंडाशी हाय माजं शेत. दोन वर्सं भात नाय. बायको इकायला निघाली हाय. मी दोगांना व्हय म्हनतो, कारन... मना भ्या वाटतं. कोन नाराज झाला तर मना रांधायला कोन बोलवील? पन मना ते शेत पायजे. उघारीची खांड बुजवा." एवढं बोलून तो बाकासकट खाली बसला. कपाळावरचा घाम त्याने खांद्याने पुसला. एवढं सलग तो लग्नात उखाणा घेतानाही बोलला नव्हता.

शीतलने पळी घेतली आणि चिमाकडे दिली. चिमा बारीक, काटक बाई, पदर खोचून बसलेली. तिने पळी मांडीवर आडवी ठेवली.

"जगनदादाचं खरं हाय. पन उधानाला पानी आमच्या चुलीत येतं. पोरांना खाटंवर घेऊन बसाया लागतं. दादाचं भात जातं, आमची चूल जाती. आता तुमी सांगा."

शीतल म्हणाली, "चला बघूनच येऊ. आज पुनव आहे. बारा वाजता भरती."

भर उन्हात अकरा जण बांधावरून निघाले. शीतलचा एक बूट चिखलाने ओढून घेतला तो कायमचाच. आधी ते उघाडीपाशी उभे राहिले. पाणी खळखळत जगनच्या शेतात शिरताना सगळ्यांनी पाहिलं, आणि जगनला कुणीतरी आपलं उघडं अंग बघतंय तशी लाज वाटली. मग वाडीवर गेले. तिथे पाणी चिमाच्या ओट्याला लागलं होतं आणि तिची कोंबडी उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर चढून बसली होती. जगन त्या चुलीकडे बघत राहिला. ओली राख, तीन ओले दगड. आचाऱ्याला विझलेली चूल बघवत नाही. आपण सकाळी जे मागितलं ते परत घ्यावं असं त्याला वाटलं, आणि घेऊ नये असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पळी फिरली. दुपारपर्यंत पाच जण उघाडीचे झाले, पाच वाडीचे. दुकानवाला कधी इकडे, कधी तिकडे. सगळे चिडले, घसे बसले. मंगळ्या म्हणाला, "ह्यापरीस बोकडाचं वाटं बरं, कोन भांडत नाय."

जगनने मान वर केली.

खारवेलीत चार घरं मिळून बोकड आणतात तेव्हा मटणाचे वाटे जगनच करतो. काळीज, चाप, हाडं, सगळं प्रत्येक ढिगात सारखं. मग एक जण पाठ करून उभा राहतो. दुसरा ढिगावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कुनाचा?" पाठ केलेला नाव घेतो. जो आला तो वाटा उचलायचा, कुरकुर करायची नाही. आणि वाटे करणाऱ्याला आपल्याला कुठला येणार हे ठाऊक नसतं, म्हणून त्याची सुरी सरळ चालते.

"पली दे," जगन म्हणाला. "मशीन येक हाय, बरोबर? तो येक वाटा. दुसऱ्या वाट्यात काय घालायचं? गावातलं सगलं हात. घरटी येक मानूस. ज्यांना मशीन मिलंल त्यांचं पन हात इकरं. पुडारी असो, कोन पन असो."

"सुभाषशेट घमेलं उचलनार?" दिपिकाने विचारलं. तिला पळीची वाट बघवली नाही.

"वाट्यात आला तर उचलनार. सही केली हाय ना त्यानं?"

तासभर त्यांनी वाटे सारखे केले. दगड इकडे जास्त, गोणी तिकडे जास्त, आधी काय आणि मागून काय. जगन डोळे बारीक करून ऐकत होता आणि मधूनच म्हणत होता, "ह्या वाट्यात हाडं जास्ती जातायत." शेवटी सगळ्यांच्या माना डोलल्या. त्याने जमिनीवर एक वीट ठेवली, ती मशीन. शेजारी घमेलं ठेवलं, ते हात. चिमा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शीतलने विटेवर बोट ठेवलं.

"हा कुणाचा?"

चिमाची पाठ ताठ झाली होती. "वाडीचा," ती म्हणाली.

जगनच्या वाट्याला घमेलं आलं.

"सोताच वाटं केलंत आनि सोताला घमेलं!" वनिताने घरी कपाळ बडवलं. "दुसऱ्या वाट्याला चार हाडं जास्ती घालता नाय आली?"

"कुनाला कुठला येनार ते म्हाईत असतं तर घातली असती गो."

वनिताने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग तिने माळ्यावरून आपलं जुनं घमेलं काढलं आणि तळ ठोकून बघितला.

भांगाचे दिवस लागले. मशीन वाडीकडे घरघरू लागलं. उघाडीवर पहिल्या दिवशी दहा-बारा जण आले. पण अकराही जण आपापल्या आळीत दारोदार फिरले. चिमा आणि मंगळ्या तर अख्खी वाडी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी बांधावर रांग लागली. ओली माती हातोहाती पुढे जाऊ लागली. कंबरा मोडल्या, हातांना फोड आले, कुणाच्या पायात शिंपला घुसला. जगन बांधाच्या कडेला खिचडी शिजवायचा, आणि टोप चढला की स्वतः रांगेत उभा राहायचा. सुभाषशेठ आणि दत्तात्रेय यांनी घमेल्याऐवजी फ्लेक्स पाठवले. बांधावर दोन टोकांना ते उभे राहिले. एकावर होतं, खांड बुजवल्याबद्दल सुभाषशेठ यांचे जाहीर आभार. दुसऱ्यावर तेच दत्तात्रेय पाटील यांचे. फोटोत दोघेही तोंडभर हसत, छातीशी हात जोडून.

अमावास्येच्या उधाणाच्या दिवशी सकाळी खांड भरून झाली. माती ओली होती, ऊन तिला पुरलं नव्हतं. पाणी चढू लागलं तशी मंगळ्याने हाक मारली. नव्या मातीतून बारीक धार लागली होती. मग शेजारी दुसरी. माती विरघळून खाली यायला लागली आणि वनिता दोन्ही हातांनी ती दाबून धरू लागली. तेवढ्यात सुभाषशेठ आणि दत्तात्रेय, दोघेही कडक इस्त्रीत, फोटोसाठी आले.

जगनने धारेकडे बघितलं. मग तो पळी हातात घेऊनच सुभाषशेठपुढे जाऊन उभा राहिला.

"शेट, तुमचा बोर्ड पायजे."

"कशाला रे?"

"खांडीत घालायला. त्यातनं पानी जात नाय. माज्या न्हानीला हाय ना, मना म्हाईत हाय."

सुभाषशेठ हसला, खांद्यावर हात टाकला. "अरं, उद्या पेपरात येनार ते. घरून जुनं आन. जा, व्हय?"

"नाय," जगन म्हणाला.

तो शब्द ऐकून सगळ्यांत जास्त दचकला तो स्वतःच. वनिताने चिखलातून मान वळवली. दत्तात्रेय खो खो हसायला लागला.

"तुमचा पन, दत्ताभाऊ," जगन म्हणाला आणि दत्तात्रेयचं हसू तिथेच थांबलं. "घरी जाऊन येईस्तोवर खांड जाईल. आनि तुमी दोगं रांगेत यायचं हाय. घरटी येक मानूस. चिखुल पुडं सरकवा."

मंगळ्याने आणि दिपिकाने फ्लेक्सच्या काठ्या उपटायला सुरुवातही केली होती. अख्खा गाव बघत होता. नाही म्हणायची सोय नव्हती. सुभाषशेठने चपला काढल्या, दत्तात्रेयने विजार वर ओढली, आणि दोघे घोटाभर चिखलात उतरले. घमेलं हातात येताच सुभाषशेठच्या तोंडून आईची आठवण निघाली.

दोन्ही फ्लेक्स कडेला कड चढवून खांडीच्या खाडीकडच्या अंगाला अंथरले, कडा मातीत खुपसल्या, कडांवर गोणी ठेवल्या. धार बारीक झाली. मग ठिपकायला लागली. मग थांबली.

"तोंडं आत केलीत का भायेर?" वनिताने विचारलं.

"भायेर, खारीकरं," जगन म्हणाला. "येनाऱ्या पान्याला हात जोरून बसू दे दोगांना."

वनिता हसायला लागली आणि हसता हसता तिने शेताकडे बघितलं. शेत कोरडं होतं. निवटे कुठे दिसत नव्हते. जगनने डोळे पुसले.

"कांदा झोंबला," तो म्हणाला.

"खिचरीत कुठं कांदा घातलात आज?"

भर दुपारी पाणी चढत चढत वर आलं, फ्लेक्सवरच्या दोघांच्या जोडलेल्या हातांना टेकलं, तिथे थोडा वेळ चुबुकचुबुक करत थांबलं, आणि ओहोटी लागली तसं मागे गेलं.